नदीवरचं गाणं रेडिओवर

समजा, तुम्ही अकरा वर्षांचे आहात. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा झगा आहे, पायांत चावणारे बूट आहेत, समोर तळलेली कोंबडी वाढलेली आहे, आणि घरातली सगळी मोठी माणसं तुमच्याकडे अशी बघताहेत जणू तुम्ही कोर्टातले न्यायाधीश आहात. कसं वाटेल? मजा वाटेल, असं तुम्ही म्हणाल. वश्तीलाही पहिला घास घशाखाली उतरेपर्यंत मजाच वाटली होती.

"मत हिलाही आहे," रूफस मामानं मक्याच्या पावाचा तुकडा हवेत नाचवत बजावलं. "कुणी विसरू नका."

"हिचा हात माझ्या हाताबरोबर वर जाईल," वश्तीची आई अर्लीन म्हणाली. "वश्ती, भाजी संपव आधी."

माउंट नेबो या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चची रीतच तशी होती. ज्याचा बाप्तिस्मा झाला तो सभासद, आणि सभासद तो मताचा धनी. मग तो काठी टेकणारा म्हातारा असो की शाळेत जाणारी पोर. वश्तीचा बाप्तिस्मा गेल्या ऑगस्टात नदीत झाला होता. आणि आज, या ऑगस्टातल्या रविवारी, जेवणं आटोपली की चर्चची सभा होती. विषय एकच: डेल्फीन मावशीचं नाव सभासदांत ठेवायचं की काढायचं. नाव काढलं की मावशीला त्या छपराखाली गाता येणार नव्हतं, प्रभूभोजन घेता येणार नव्हतं, आणि पुढेमागे चर्चच्या मागच्या मातीत, तिच्या आईच्या शेजारी, जागाही मिळणार नव्हती.

आणि हे सगळं कशापायी? एका गाण्यापायी.

नदीवरचं गाणं माउंट नेबोत फक्त बाप्तिस्म्याच्या दिवशी म्हणत. वश्तीचे आजोबा, म्हणजे पाळकांच्या खालोखाल चर्चचा कारभार बघणारे डीकन होझिया ग्लॅडनी, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ओळ झटकन सांगत, "पाणी खोल आहे, पायाला तळ नाही." मग काठावरची माणसं तीच ओळ घेऊन इतकी ताणत, इतकी घोळवत, की ती संपते की नाही असं वाटावं. मग पुढची ओळ. नदीखेरीज ते गाणं कुठं नाही. भजनमंडळात नाही, घरात भांडी घासताना नाही, मयताला तर नाहीच नाही.

ते या उन्हाळ्यात रेडिओतून आलं. मेम्फिस शहरात राहणाऱ्या डेल्फीन मावशीच्या आवाजात, खाली ढोल, वर तुताऱ्या. दोन कडवी जशीच्या तशी, आणि तिसरं कडवं बसच्या अड्ड्यावर सोडून गेलेल्या एका पुरुषाबद्दल. गोऱ्यांच्या स्टेशनांवरही ते लागायला लागलं. केसांच्या तेलाची जाहिरात संपली की पाणी खोल आहे, आणि पाणी खोल आहे संपलं की मोटारीचे टायर.

"तक्रार केली कुणी, तर सिस्टर बिब्सनं," मामा म्हणाला. (चर्चमधल्या बायकांना सगळे सिस्टरच म्हणत.) "तिनं कुठं ऐकलं म्हणे ते?"

"गुत्त्यावरून जाताना," आईनं सांगितलं.

"जाताना! तिसऱ्या कडव्यासकट अख्खं पाठ आहे तिला. फारच सावकाश चालत होती म्हणायची."

ऑझेला आत्या, म्हणजे आजोबांची थोरली बहीण, पदार्थ पुढे सरकवता सरकवता खुदकन हसली. आजोबांनी नुसतं वर पाहिलं. हसू विरलं.

डेल्फीन मावशी काल संध्याकाळच्या बसनं आली होती. तिचा झगा पिवळाजर्द होता. या टेबलाशी इतकं पिवळं काही वश्तीनं कधी पाहिलं नव्हतं. ती खाली मान घालून जेवत होती आणि मध्येच म्हणत होती, "मीठ द्या." जणू आज दुसऱ्याच कुणाचा निकाल आहे.

"माझ्या दुकानात विचार," मामा तिला म्हणाला. त्याचं केस कापायचं दुकान होतं. "गाणं लागलं की कात्री थांबते. गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं तसंच. म्हणतात, रूफस, ही तुझी बहीण? मी म्हणतो, माझीच. छाती अशी फुगते."

"फुगेलच," आई म्हणाली. "तुला फुगायला लागतंच काय? मी इथे राहिले. बापाचे गुडघे शेकले, पोरांची गाणी बसवली, हिवाळ्यात चर्चची चूल पेटवली. माझ्यासाठी कुणाची कात्री थांबली नाही."

"तू गायलीस तर थांबेल, ताई," मावशी हळूच म्हणाली.

"मला नको थांबायला."

वश्तीला वाटलं, चला, हिशेब सोपा आहे. मामा मावशीकडून, आई विरुद्ध. आजोबा तर डीकन, हा विषय सभेपुढे त्यांनीच आणलेला. आत्या दोन्हीकडून. पण मोठ्यांचं असं असतं, की तुम्ही हिशेब मांडून पाटी खाली ठेवावी, तोवर आकडे उठून दुसरीकडे जाऊन बसतात.

आजोबांनी हातरुमालानं तोंड पुसलं. "डेल्फीन. सभेत एक वाक्य म्हणायचं आहे. 'मी चुकले आहे, चर्चनं मला क्षमा करावी.' एवढंच. तू म्हण, आणि तुला परत घ्यायला सगळ्यांच्या आधी माझा हात पुढे येईल. नाव जाईल आणि त्याच क्षणी परत येईल. तशी रीत आहे."

"आणि मला चुकले असं वाटतच नसेल तर?"

"वाटायचं ते नंतर वाटेल."

"पापा," मावशीनं काटा खाली ठेवला. "देवाच्या घरात राहायला मिळावं म्हणून देवाच्याच घरात खोटं बोलू?"

जाळीच्या दारावर माशी आपटत राहिली.

आणि मामाच पहिल्यांदा उखडला. "अगं, वाक्यच तर आहे! म्हण आणि मोकळी हो. तू उद्या बसमध्ये बसशील. मला इथंच लोकांच्या माना धरायच्या आहेत, तेही हातात वस्तरा घेऊन. अर्धं चर्च माझ्या खुर्चीत बसतं."

"आत्ता छाती फुगली होती ना?"

"फुगली होती. पण दुकान छातीवर चालत नाही, डेल्फीन."

"बघा," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सख्खा भाऊ सांगतोय. पण ऐकेल कशी? नदीवरचं गाणं ढोलाखाली घालायला हिला त्या सैतानानंच शिकवलं."

आईनं हातातलं भाजीचं भांडं टेबलावर आपटलं. पालेभाजीचं पाणी मेजकापडावर उडालं.

"शिकवलं मी," ती म्हणाली.

"अर्लीन..."

"मी शिकवलं, पापा. आई गेली त्या हिवाळ्यात. ही रडायची थांबेना. कपडे उकळायच्या कढईपाशी हिला पोटाशी धरून मी ते गाणं म्हणायची. नदी नव्हती तिथं, साबणाचं पाणी होतं. मग सैतान मी का?"

"नदीशिवाय म्हटलंस?" आजोबा चकित झाले होते.

"रोज म्हटलं."

"ताई, मग तू आता माझ्या बाजूनं का?" मावशीनं विचारलं.

"मी कुणाच्याही बाजूनं नाही. मी जेवायला वाढतेय." आणि आईनं खरंच सगळ्यांच्या ताटांत न विचारता भाजी वाढली.

आता वश्ती पुरती गोंधळली. तिनं मग तिला सोपा वाटणारा प्रश्न विचारला. "ते गाणं मुळात आलं कुठून?"

"तुझ्या सेलेस्टा आजीकडून," आजोबा म्हणाले. "माझ्या बायकोला प्रार्थनेत मिळालं ते. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी."

"प्रार्थनेत कुठलं?" आत्या म्हणाली. "पाणथळीतून खेचर न्यायची ती. खेचर पाण्यात पाय घालेना. तेव्हा त्याला म्हणायची, पाणी खोल आहे, पण चल. मी स्वतः ऐकलंय."

"खेचराला?" मामा ओरडला.

"मग काय? खेचराला भीती वाटत नाही?"

"मला आई म्हणाली होती की बर्फ विकणारा एक माणूस ते गायचा," मामा म्हणाला.

"मला म्हणाली होती, पूर आला तेव्हा तुम्ही बंधाऱ्याच्या कामावर होता, पापा," आई म्हणाली. "तुमची वाट बघताना सुचलं."

आजोबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "मला असलं कधी म्हणाली नाही," ते म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवून उठले. ताटात पीचची मिठाई तशीच होती. आजोबांनी गोड टाकलेलं वश्तीनं कधी पाहिलं नव्हतं.

*

मागच्या अंगणात अंजिराखाली मावशी बूट काढून बसली होती. वश्ती तिच्याजवळ गेली. हे विचारावं की नाही, हे तिला कळत नव्हतं. म्हणून तिनं विचारून टाकलं.

"मावशी, रेडिओतून पवित्र आत्मा येतो का?"

"का गं?"

"नदीत मला काहीच झालं नाही." हे वश्ती आजवर कुणाला बोलली नव्हती. "आजोबा म्हणत होते, काठावर सगळे म्हणत होते, बायका रडत होत्या. मला थंडी वाजली, आणि नाकात पाणी गेलं. बस. विश्वास आहे का विचारलं, मी हो म्हटलं. तो आहेच. पण झालं काही नाही. आणि मामाच्या दुकानात तुझं गाणं लागलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. डोळ्यांतून पाणीच थांबेना. मी पुस्तकात तोंड लपवलं. त्याच्यानंतर लगेच टायर आले."

मावशीनं बाजूला काढलेले बूट सरळ लावून ठेवले. वश्तीला वाटलं, आता ही सांगेल. जी गायली तिला तर ठाऊक असणार.

"खरं सांगू?" मावशी म्हणाली. "ते गाताना माझे पाय दुखत होते. नवे बूट होते. तो काचेपलीकडचा माणूस म्हणत होता, पुन्हा, पुन्हा. मी मनात म्हणत होते, हे संपू दे आणि मला बसायला मिळू दे."

"म्हणजे तुलाही काही झालं नाही?"

"तेव्हा नाही."

"मग मला कसं झालं?"

"मला नाही माहीत, बाळा. शपथ. मला माहीत असतं तर मी आज सभेत उभी राहून तेच सांगितलं असतं."

"आणि तो बसच्या अड्ड्यावरचा माणूस? त्याच्याबद्दल गातेस की देवाबद्दल?"

मावशीनं डोळे बारीक केले. "सुरुवातीला माझ्या मनात तो होता. मग आई आली मनात. शेवटी कोण होतं कोण जाणे." ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "असं उत्तर सिस्टर बिब्सला चालेल का?"

वश्तीनं नाही म्हणून मान हलवली. तिलाही चाललं नव्हतं.

चर्चकडे जाताना आजोबांनी वश्तीचा हात धरला आणि मुद्दामच मागे राहिले. पुढे आईचा निळा झगा, मावशीचा पिवळा झगा आणि मध्ये आत्याची छत्री. धुळीच्या रस्त्यावर आजोबांची काठी टक टक करत होती.

"तू ऐकलंस ते?" त्यांनी विचारलं. "रेडिओवर?"

"हो. तुम्ही?"

"मी कशाला ऐकू?"

वश्तीला धक्का बसला. ज्या गाण्यासाठी पोटच्या लेकीचं नाव काढायला निघाले, ते गाणं यांनी ऐकलंच नव्हतं! पण आजोबांना असं तोंडावर म्हणायचं नसतं.

थोड्या वेळानं ते समोर बघतच म्हणाले, "तिसरी ओळ. ती शेवटी सूर वर नेते की खाली आणते?"

वश्तीनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. "खाली आणते. तुम्ही वर नेता."

काठी थांबली.

"सेलेस्टा खालीच आणायची," आजोबा म्हणाले. "काठावरच्यांना जमेना, म्हणून मी वर नेली. लोक विसरले. मीही विसरलो होतो." त्यांनी काठी पुन्हा उचलली. "चल. उशीर झाला."

मग आजोबा गाण्याच्या बाजूचे की विरुद्ध? वश्तीच्या पाटीवर आता एकही आकडा जागेवर उरला नव्हता.

*

चर्चमध्ये उकडत होतं. अंत्यविधीचं सामान विकणाऱ्या दुकानानं वाटलेले कागदी पंखे सगळीकडे हलत होते. मंचासमोर पश्चात्तापाचा बाक होता. प्रार्थनेच्या आठवड्यात, ज्यांना अजून देव गवसला नाही ते त्यावर बसत, आणि बाकीचे त्यांच्याभोवती प्रार्थना करत. त्या बाकाचा मान मोठा. कुणी आपल्या पायांनी येऊन तिथं बसलं, की चर्चचं दुसरं सगळं कामकाज थांबायचं, आणि मुख्य डीकननं येऊन त्याच्यासाठी प्रार्थना करायची. मग तो कुणी का असेना. आज पाळक टिलमन यांनी मावशीला त्याच बाकाच्या टोकाला बसवलं होतं. पण बसवलेल्याची गोष्ट वेगळी. ती आपणहून थोडीच आली होती!

पाळकांनी प्रकरण वाचलं. सिस्टर बिब्स उभी राहून बोलली. ती वाईट बाई नव्हती. "माझी तिन्ही लेकरं त्या गाण्यावर पाण्यात उतरली. त्यातला एक आता नाही. ते गाणं माझ्यासाठी तिथं, त्या पाण्यापाशी राहिलं पाहिजे. टायर विकणाऱ्यांच्या हाती नाही."

हे ऐकून वश्तीला पहिल्यांदा वाटलं, की हिचंही खरं आहे. आणि तेच जास्त अवघड होतं.

"भगिनी डेल्फीन," पाळक म्हणाले, "तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

सगळ्यांना ठाऊक होतं कुठलं वाक्य. आजोबा पहिल्या रांगेत पुढे झुकले होते. त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून आधीच थोडा उचलला गेला होता.

मावशी उठली. "माझ्या गाण्यानं सिस्टर बिब्सना दुखलं, याचं मला वाईट वाटतं. मनापासून. पण मी चुकले असं मी म्हणणार नाही. मला ते तसं वाटत नाही." आणि ती बसली.

आजोबांचा हात परत गुडघ्यावर गेला.

"तर मग," पाळक म्हणाले. आवाजावरून त्यांनाही हे नको असावं. "नाव काढावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी उजवा हात वर करावा."

हात वर जायला लागले. इथं एक, तिथं दोन. मामानं बुटांकडे पाहत हात वर केला, पण कोपरापर्यंतच, म्हणजे हवा तसा मोजावा. आत्याचा पंखा हातातच वर गेला आणि ती स्वतःलाच वारा घालत राहिली. हे मत की उकाडा, कुणी ठरवावं! आईचे दोन्ही हात मांडीवर घट्ट अडकवलेले होते.

"बाई, तुझा हात तुझा," आई ओठ न हलवता पुटपुटली. "माझ्याकडे बघू नकोस. मलाच काही कळत नाहीये."

वश्तीनं हात वर करून पाहिला, मनात. मग खाली करून पाहिला. हात वर केला, तर दुकानातलं ते रडू खोटं ठरत होतं. नाही केला, तर नदी, आजोबा, सिस्टर बिब्सचा मुलगा, सगळं खोटं ठरत होतं. आणि जिला नदीत थंडीखेरीज काही सापडलं नाही, तिनं दुसऱ्या कुणाला आत ठेवायचं की बाहेर, हे सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

ती उभी राहिली.

"वश्ती?" पाळकांनी विचारलं. "तुझं मत काय, मुली? बाजूनं की विरुद्ध?"

"मला माहीत नाही," वश्ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "मावशीचं मला माहीत नाही. माझंही माहीत नाही."

ती रांगेतून बाहेर आली. तिच्या बुटांचा आवाज लाकडी जमिनीवर फार मोठा झाला. मधल्या वाटेनं ती चालत गेली आणि पश्चात्तापाच्या बाकावर, मावशीपासून थोडं अंतर ठेवून, जाऊन बसली.

पंखे थांबले. वर गेलेले हात तसेच हवेत राहिले. खाली कुणी घ्यायचे, कधी घ्यायचे, कुणालाच सुचेना. पाळकांनी कागद खाली ठेवला. रीत त्यांनाही मोडता येत नव्हती. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"डीकन ग्लॅडनी," ते हळू म्हणाले. "बाकावर कुणी आलं आहे."

आजोबा उठले. काठी टेकत पुढे आले आणि बाकासमोर उभे राहिले. एकीकडे नात, एकीकडे लेक. त्यांनी प्रार्थनेसाठी तोंड उघडलं. ओठ हलले, आणि काहीच बाहेर आलं नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. इतकी वर्षं या जागी उभं राहून त्यांनी लोकांना सांगितलं होतं, पुढे पाऊल टाका, असं बोला, असं मागा. आता ते मावशीकडे बघत, मग वश्तीकडे, मग आपल्याच हातांकडे. गुडघे टेकायला म्हणून ते किंचित वाकले, पण गुडघे वाकेनात. वश्तीला त्यांच्या चेहऱ्यावर अगदी ओळखीचं काहीतरी दिसलं. तिनं आत्ताच म्हटलेलं 'मला माहीत नाही', तेच.

मग वश्ती सरकली. मावशीच्या पिवळ्या झग्याला अगदी खेटेपर्यंत सरकली, आणि बाकावर आजोबांसाठी जागा केली.